वखारीची मागची खिडकी

आमच्या संग्रहालयाला संग्रहालय कोणीच म्हणत नाही. पत्र्याची मोठी पाटी आहे, तिच्यावर गुरुजींनी सुचवलेलं भारदस्त नाव आहे, पाटीला दर दिवाळीला रंगही लागतो. पण धसईच्या बाजाराला निघालेला माणूस जीपवाल्याला सांगतो, "वखारीपाशी थांबव रे." सुरुवातीला मी चिडायचे. आता चिडत नाही. कोळशाची वखारच होती ती, आणि तिचं जुनं नाव पुसायला काही आम्ही ती उघडलेली नाही.

बाहेरगावचे पाहुणे आले की पहिला प्रश्न ठरलेला, "इथे खाण कुठे आहे?" खाण नाही. आमच्याकडचा कोळसा जमिनीतून नाही, झाडांतून निघाला. ऐन, किंजळ, धावडा तोडून लाकडांची उभी रास रचायची, वर पाला पसरायचा, पाल्यावर ओली माती थापायची आणि आत विस्तव सोडून तोंड बुजवायचं. रास पेटू द्यायची नाही, नुसती धुमसू द्यायची. मातीला तडा गेला आणि वारा आत शिरला की सगळ्या कष्टांची राख. म्हणून भट्टी कधी एकटी सोडत नसत, ओल्या मातीचं घमेलं घेऊन कोणीतरी तिच्याभोवती फिरत असायचंच. धूर पांढऱ्याचा निळा झाला की कोळसा पडला म्हणायचं. आमच्याकडे कोळसा करत नाहीत, पाडतात. शहापूर-मुरबाडच्या रानांत पडलेला हा कोळसा अशा वखारींमध्ये यायचा आणि इथून ट्रक भरून शहरातल्या शेगड्यांत आणि इस्त्र्यांत जायचा. मग घरोघरी गॅस आला, जंगलतोडीला आळा बसला आणि भट्ट्या विझल्या. भट्ट्यांवर राबलेली माणसं मात्र थोडी शिल्लक आहेत. त्यातली एक माझी आई.

माझा स्वतःचा जन्म वाशिंदच्या एका कारखान्यात खोके बांधण्यात गेला. निवृत्त झाले तेव्हा नवरा आधीच गेलेला होता, मुलगी तिच्या घरी सुखात होती. मी खोली भाड्याने दिली आणि माहेरी आईजवळ येऊन राहिले. लोक म्हणाले, लेक म्हातारीची सेवा करायला आली. सेवा करून घेईल ती आई कसली! ऐंशी उलटली, गुडघे कुरकुरतात, तरी मी घासलेला तवा ती पुन्हा घासते. आमच्या घरात काळं काही चालत नाही. भिंतीवर बुद्धाची तसबीर, खाली पांढराशुभ्र टेबलक्लॉथ, आणि गॅसच्या शेगडीवर डाग दिसला तर तिचा दिवस खराब. भट्टीवर तिने लग्नाआधी काम केलं, लग्नानंतर केलं, मला शाळेत घातल्यावरही केलं, पण मला कोळशाला हात म्हणून लावू दिला नाही. लहानपणी एकदा मी ओटीच्या भिंतीवर कोळशाने घर काढलं, तर तिने माझे तळवे नारळाच्या काथ्याने असे घासले की रात्री भाकरी खाताना झोंबत होते. ती रागावली नव्हती. रडत होती. ते मला तेव्हा कळलं नाही.

संग्रहालयाचं खूळ माझ्या डोक्यात शिरलं ते एस्टीत. वैशाखऱ्याच्या बाजूने येत होते, आणि मागच्या बाकावर माळशेज बघून परतणारी शहरातली मंडळी बसली होती. त्यांतला एक जण उघड्या डोंगराकडे बोट दाखवून इतरांना समजावत होता की हे सगळं जंगल इथल्या लोकांनीच तोडून खाल्लं. माझ्या नाकावर राग असतोच, त्या दिवशी तो जिभेवर उतरला. मी वळून म्हटलं, "दादा, खाल्लं असतं तर अंगावर दिसलं असतं. या रस्त्यावर तुम्हांला एक तरी भट्टीवाला जाडा दिसला का?" तो खिडकीबाहेर बघायला लागला. मी मात्र गप्प बसू शकले नाही. घरी येईपर्यंत ठरवून टाकलं होतं की हे कुठेतरी मांडून ठेवायचं. कोणी तोडलं, कोणी तोडायला लावलं, कोणी वाहिलं आणि कोणाच्या शेगड्या पेटल्या, सगळं.

वखार पंचायतीच्या ताब्यात आली होती. कौलं फुटलेली, आत फवारणीचे मोडके पंप आणि कोणाच्या तरी शेळ्या. मी मागायला गेले तेव्हा पंचायतीतले एक सदस्य हसून म्हणाले, "ताई, कोळसा उगाळावा तितका काळाच. कशाला उगाळताय?"

"काळाच निघणार, ठाऊक आहे," मी म्हटलं. "चंदन निघेल म्हणून नाही मागत मी."

जागा मिळाली. गावच्या शाळेतून निवृत्त झालेले गुरुजी आले. ते मला चौथीत शिकवायला होते आणि अजूनही मला चौथीतलीच समजतात. माझ्या कारखान्यातला एक वेल्डर दर रविवारी वाशिंदहून मोटारसायकलवर यायला लागला. त्याचा आजा भट्टीवर होता, एवढंच त्याला आजाबद्दल माहीत होतं, आणि तेवढ्यावर तो पेट्रोल जाळत होता. आम्हां तिघांत मिळून पगारी कोणी नाही. कौलं आम्ही बदलली, झाडू आम्ही मारतो, पाहुण्यांना माहिती आम्ही देतो आणि त्यांनी टाकलेले वेफर्सचे कागदही आम्हीच उचलतो.

वस्तू हळूहळू आल्या. माती थापायची लाकडी फळी, कोळसा ओढायचं लांब दांड्याचं दाताळं, ओझ्याखाली डोक्यावर ठेवायच्या चुंबळी, आणि हारे. हारा म्हणजे बांबूचा मोठा पसरट टोपला, ज्यात कोळसा भरून बाया डोक्यावरून आणायच्या. एक हारा आमच्या माळ्यावर होता. आईला न विचारता मी तो नेला. तिच्या लक्षात आलं. त्या जागी तिने कांद्याची टोपली ठेवली. ढीग करून दाखवायला खरा कोळसा हवा होता, तो मात्र मुरबाडहून पोती विकत आणावी लागली. कोळशाच्या गावाला कोळसा विकत! गुरुजी त्या दिवशी फार हसले.

आणि एक काम आम्ही अगदी पहिल्यांदा केलं. वखारीच्या मागच्या भिंतीत उंचावर एक मोठं चौकोनी भोक होतं, चौकटीची लाकडं कुजलेली. त्यातून पावसाचं पाणी आत येई, घुशी येत. आम्हांला एकच काम सुचलं: बुजवून टाकायचं. विटा लावल्या, गिलावा केला. गुरुजींचा एक जुना विद्यार्थी पाट्या रंगवतो, त्याने त्या भिंतीवर मोफत चित्र काढून दिलं. हिरवंगार रान, त्यात धबधबा, धबधब्यापाशी दोन मोर. भट्टीचं म्हणाल तर एका कोपऱ्यात मोदकाएवढी. पण रंग झकास होते. पाहुणे तिथेच उभे राहून सेल्फी काढणार, हे आम्हांला आधीच कळलं होतं.

उद्‍घाटनाला आम्ही भट्टीवर काम केलेल्या सगळ्या म्हाताऱ्यांना बोलावलं. त्यांतल्या बहुतेक बायाच. पुरुष आधी संपले. शाल आणि नारळ आणला, पुढची खुर्च्यांची रांग त्यांच्यासाठी राखली. आई येणार नाही म्हणाली.

"बघायचं काय हाय तिथं? कोळसा? जन्मभर बघला."

"अगं, तुझ्यासाठीच केलंय ना सगळं."

"माझ्यासाठी केलास, तर मग मला नको हाय, असा समज."

तिच्यापुढे बोलणं म्हणजे पालथ्या घड्यावर पाणी. मी एकटी गेले.

वेळ झाली तरी पुढची रांग रिकामी. मागे गाव जमलेलं, केळीचे खांब बांधलेले, रांगोळीवरून कोंबड्या फिरून गेलेल्या, आणि ज्यांचा सत्कार त्यांचाच पत्ता नाही. गुरुजी घड्याळाकडे बघत होते. मला वाटलं, आईसारख्याच सगळ्या रुसल्या. माझे डोळे भरून आले, ते लपवायला मी वखारीच्या मागे गेले.

तिथे त्या बसल्या होत्या. मागच्या भिंतीलगतच्या सावलीत, ओळीने, धुतलेली लुगडी नेसून, हातात पिशव्या. सगळ्यांत पुढे पलीकडच्या कातकरवाडीची काकी. आई आणि ती, दोघींनी एकाच भट्टीवर जन्म काढला. मला लहानपणी तिने कडेवर वागवलं आहे, म्हणून मी तिला काकी म्हणते.

"काकी, इथे काय करताय? सगळे पुढे वाट बघताहेत!"

"आमी कवाच्या आलोत गो," काकी म्हणाली. "खिडकी नाय उघडली अजून."

तिने वर बघितलं, तर तिथे नवा कोरा गिलावा. तिचं बोट वर गेलं आणि तसंच राहिलं. "बुजावली?" ती म्हणाली. तक्रार नव्हती त्यात. एखाद्या घरी जावं आणि दाराला कुलूप दिसावं, तसं ती म्हणाली.

मी त्यांना पुढे आणलं. त्या पायरीपर्यंत आल्या आणि थांबल्या. गुरुजींनी हात जोडले, सगळ्यांनी आग्रह केला. काकी एकच बोलली, "हितून आमी कदी गेलो नाय." शेवटी शाली बाहेरच, अंगणात, उभ्याउभ्या पांघराव्या लागल्या. फोटोत त्या बायांच्या मागे उघडं दार दिसतं आणि आत आम्ही लावलेले दिवे. मला तो फोटो बघवत नाही.

संध्याकाळी मी आईसमोर बसले. ती लसूण सोलत होती.

"त्या मागच्या खिडकीचं काय आहे?"

"बुजावली ना तुमी? काकी सांगून गेली."

"पाणी येत होतं."

"हां. पाणी येतंच तिथना."

तिने लसणीचा दुसरा गड्डा फोडला. मग सांगायला लागली, आणि मला माझ्याच लहानपणातलं एक चित्र उलट्या बाजूने दिसायला लागलं. मला आठवत होती एक मातीची चढण, तिच्या पायथ्याशी बसलेली मी, आणि चढून जाणाऱ्या बायांच्या टाचा. ती चढण खिडकीपर्यंत जायची. बाया हारा घेऊन चढायच्या, खिडकीतून कोळसा आत ओतायच्या आणि तिथेच थांबायच्या. आतून मुकादम बघायचा आणि ओरडायचा. खेप पुरी धरली तर "भरली!" आणि अर्धी धरली तर "कमती!" तो आतला अंधार, आणि त्यातून येणारा आवाज. तोंड दिसायचं नाही. मजुरी त्या आवाजावर.

"भरलेला असला तरी कमती म्हणायचा?"

"भरून शीग लावलेली असली तरी." आईने लसणीची पाकळी ताटलीत टाकली. "भरली बोलायचा कदी कदी. सणाला."

"मग आत जाऊन का नाही बघितलं तुम्ही? भांडायचं तरी!"

आईने माझ्याकडे बघितलं. मी कारखान्यात युनियनची बाई, मला असले प्रश्न सुचायचेच.

"कोळसा आत जायचा गो," ती म्हणाली. "आमी नाय."

हे आमच्या जातीमुळे होतं का, कातकरीण म्हणून काकीचं होतं का, बाया म्हणून होतं की काळ्या पायांमुळे, हे मी विचारलं. ती म्हणाली, सगळ्याच बायांचं तसं होतं, पुढचं दार शेठचं आणि ट्रकवाल्यांचं. एवढी वर्षं डोक्यावरून जे वाहिलं ते कुठे पडतं, केवढा ढीग होतो, हे तिने एकदाही पाहिलं नव्हतं. आणि आम्ही काय केलं होतं? तिच्या वाटेची एकमेव जागा विटांनी बुजवून त्यावर मोर काढले होते.

त्या रात्री मला झोप आली ती एक गोष्ट ठरवल्यावरच आली. खिडकी उघडायची. चढण पुन्हा घालायची. आणि आई आहे तोवर तिने ती वखार आतून बघायची. ती गेल्यावर त्या खिडकीला मखमलीचे पडदे लावले तरी मला त्याचा उपयोग नव्हता.

रविवारी मी हे सांगितलं तेव्हा गुरुजींचा चेहरा पडला. "अहो, गिलाव्याचं सामान लोकांनी दिलंय. पोराने जीव ओतून चित्र काढलंय. येणारे सगळे तिथेच थांबतात."

"थांबतात ते मोरांपाशी, गुरुजी. आपल्या भट्ट्यांवर मोर कोण पाळत होतं?"

"दुःखच दाखवायचं का सगळं? लोकांना काही सुंदर बघायला नको?"

त्यांचं अगदीच चूक होतं असं मी म्हणणार नाही. गावोगावी माणसं आपली गरिबी झाकतात, ती लाजेने नाही, पाहुण्यांच्या आदराने झाकतात. पाहुणा आला की आपण फाटकी गोधडी आत सरकवतोच. पण वखारीत पाहुणे आम्ही होतो आणि घरच्या बाया मागे बाहेर बसल्या होत्या. मी तसं बोलले. आवाज चढवून बोलले. गुरुजी उठले, छत्री घेतली आणि चालू लागले. चौथीत असते तर मला अंगठे धरून उभं केलं असतं.

वेल्डर पाण्याची बाटली तोंडाला लावून आमच्याकडे बघत होता. "ताई, करायचं काय?" त्याने विचारलं.

"पहार आण," मी म्हटलं.

आधी त्या चित्राचा फोटो काढून घेतला, रंगाऱ्याला स्वतः फोन करून सांगितलं. तो म्हणाला, "पाडा हो ताई, मला पण ते मोर कोंबड्यांसारखेच वाटत होते." मग आतला कोळशाचा ढीग बाहेर मागच्या अंगणात हलवला, त्यावर ताडपत्री घातली, आणि शिडीवर चढून पहिला घाव मी घातला. विटा नव्या, सिमेंट ताजं, हाताला झिणझिण्या आल्या. मला वाईट वाटलं का? नाही. मला फार बरं वाटलं. पन्नाशीनंतर बायकांना भिंती पाडायला द्यायला हव्यात, निम्मी दुखणी जातील.

खिडकी मोकळी झाली तर पुढचा पेच. बाहेरची चढण रस्ता रुंद झाला तेव्हाच गेली होती. खिडकी हवेत. आणि आतली जमीन तिच्याखाली पुरुषभर खोल, कारण तिथे फक्त कोळसाच उतरायचा होता. वेल्डर म्हणाला, आतून लोखंडी जिना मी करतो. चढणीची माती आमची. जेसीबीवाल्याला विचारलं, तर त्याने दिवाळीनंतर बघू म्हणून सांगितलं. मला भिजत घोंगडं ठेवायचं नव्हतं. मी फावडं आणि घमेलं घेतलं आणि ओढ्याकाठची माती आणायला लागले. एकटी माणूस किती आणणार? संध्याकाळी बघावं तर ती चढण नव्हतीच, वारूळ होतं. रस्त्याने जाणारे विचारायचे, ताई, काय चाललंय? मी म्हणायचे, चढण. ते मान हलवून जायचे. घरी आई माझ्या हातांना तेल लावायची. तिला सगळं माहीत होतं. एकदा तेल चोळता चोळता म्हणाली, "मातीत दगड घाल गो खाली. नायतर पाय सरकतो." म्हणून मी दुसऱ्या दिवसापासून दगड घालायला लागले.

आठवडा झाला असेल. सकाळी जाऊन पाहते, तर गुरुजी धोतराचा काचा मारून, डोक्याला टॉवेल बांधून, माझ्या वारुळावर माती चोपायचा धुम्मस मारत होते. मी घमेलं उचललं, त्यांनी माझ्याकडे बघितलं नाही.

"माती ओली करून घ्या थोडी," ते म्हणाले. "कोरडी बसत नाही."

त्यानंतर शाळा सुटल्यावर मास्तर-बाई आले, बचत गटाच्या बाया आल्या, आणि चढण बघता बघता खिडकीला टेकली. रुंद, पसरट, बाजूला हाताला धरायला वेल्डरने पाइप लावलेला. जिनाही बसला. खिडकीची चौकट आम्ही लाकडाचीच ठेवली. दार केलं नाही, खिडकीच राहू दिली, फक्त आत उतरता येईल अशी.

या वेळी उद्‍घाटन नाही, हार नाही, शाल नाही. मी कोणालाच काही कळवलं नाही. बाजाराच्या दिवशी काकी आपणहून आली. वाडीवरून धसईला जायची तिची वाटच ती. वळली आणि चढणीसमोर उभी राहिली. पायाने माती दाबून बघितली.

"तुजी आई कुठं हाय?"

"घरी. येणार नाही म्हणते."

"येनार नाय?" काकी म्हणाली. "तिच्या बापाची हाय का मरजी? थांब, आणते."

काकी गेली. आमच्या घरी काय झालं ते मला आजपर्यंत दोघींपैकी कोणीच सांगितलेलं नाही. मी मागच्या अंगणात ताडपत्री काढून बसले होते, ढीग परत आत टाकायचा होता. गुरुजी आत पुसापुशी करत होते, वेल्डर रजा टाकून चढणीचा पाइप घासायला आला होता. तेवढ्यात रस्त्यावर दोघी दिसल्या. काकी पुढे, आई तिच्यामागे, एका हाताने गुडघा दाबत. बाजाराला नेसते ते काठाचं पांढरं लुगडं तिने नेसलं होतं. तिला हात द्यायला मी उठले, तर तिने डोळ्यांनीच मला बसवलं.

चढण ती स्वतः चढली. पाइप धरला, पण टेकली नाही. वर पोहोचल्यावर खिडकीच्या चौकटीला दोन्ही हात लावून आत वाकली. मी खालून तिची पाठ बघत होते. किती वेळ ती तशी होती कोण जाणे. मग तिने पदर खोचला, पाय आत घातला आणि जिन्यावरून एकेक पायरी उतरत दिसेनाशी झाली.

मी पुढच्या दाराने धावत आत गेले. ती मधोमध उभी होती. कौलांकडे, चारही कोपऱ्यांकडे बघत होती. तिने भिंतीवरून हात फिरवला आणि तळवा उलटा करून पाहिला. भिंत आम्ही चुन्याने रंगवली होती, तळव्याला पांढरं लागलं.

"येवढीच हाय?" ती म्हणाली. "मला वाटायचं आत डोंगर व्हता."

गुरुजी काहीतरी माहिती सांगायला पुढे झाले. मी त्यांची बाही धरली.

तेवढ्यात बाहेरून खरडल्याचा आवाज आला, म्हणून मी जिन्यावर चढून बाहेर पाहिलं. काकीने भिंतीशी ठेवलेला आमचा हारा घेतला होता आणि ढिगातला कोळसा दोन्ही हातांनी त्यात भरत होती. मी ओरडले, "काकी, राहू दे!" पण कोण ऐकतंय. टॉवेलची चुंबळ केली, वेल्डरने हारा उचलून डोक्यावर दिला, आणि मी जिना उतरते तोवर ही बाई चढण चढून आली. खिडकीत तिची सावली आली, आतला उजेड गेला. हारा कलता झाला आणि कोळसा खाली पडला. तो आवाज मला लहानपणापासून माहीत होता, पण बाहेरचा. आतून तो फार मोठा असतो.

धूळ खाली बसली. काकी तशीच खिडकीत उभी, रिकामा हारा कमरेला लावून. काम झालं होतं, तरी ती वळली नाही. तिला स्वतःलाही कळलं नसेल ती कशासाठी थांबली आहे. मला कळलं. या जागी उभं राहून जन्मभर ती आतून येणाऱ्या आवाजाची वाट बघत आली होती. आणि आत आता कोणीच नव्हतं.

आई होती. तिने कोळशाकडे बघितलं. मग वर काकीकडे बघितलं. आणि मला कधी ठाऊक नव्हता असा खणखणीत आवाज तिने काढला.

"भरली!"

काकी दचकली. "आं?"

"भरली बोलते गो. बहिरी झालीस का? आन दुसरी!"

काकी हसायला लागली. तोंडावर हात ठेवून, सगळं अंग हलवून हसली, आणि हसत हसतच दुसरा हारा आणायला खाली गेली. बाजाराला निघालेल्या आणखी दोघी-तिघी आवाज ऐकून वळल्या, त्यांनीही हारे उचलले. आई खाली पांढऱ्या लुगड्यात उभी राहिली, धुळीतून मागे सरली नाही. प्रत्येक हारा पडला की नीट बघायची आणि ओरडायची. भरली. भरली. भरली. गुरुजी कोपऱ्यात चष्मा पुसत बसले होते.

माझ्या अंगात उत्साह संचारला. मीही एक हारा घेतला. माती वाहून हात आधीच भरून आलेले, म्हणून घाईघाईत कोळसा लोटला, चढले आणि आत ओतला. आणि त्या बायांसारखीच खिडकीत थांबले.

आईने ढिगाकडे बघितलं. मान तिरकी करून पुन्हा बघितलं.

"कमती," ती म्हणाली.

खाली सगळ्या हसल्या, काकी सर्वांत मोठ्याने. मी रिकाम्या हाऱ्याकडे पाहिलं. खरंच कमी होता. मी खाली गेले, शीग लावून भरला आणि पुन्हा चढले.